सुकती पाहून भरणारे मंडळ : किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेचा प्रकरण अभ्यास

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, खाडीच्या मुखापासून चालत पंधरा मिनिटांवर असलेली एक अनुदानित माध्यमिक शाळा. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. निम्मी मुले गावातल्या वाड्यांतून पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरून चालत येतात, उरलेली सड्यावरच्या (वरच्या कातळाच्या पठारावरच्या) गावांतून एसटीने. शाळा साडेदहाला भरते आणि पाचला सुटते. शनिवारी सकाळची शाळा, साडेसात ते अकरा. संध्याकाळी पाच-चाळीसची एसटी चुकली तर पुढे एकदम वस्तीची गाडी, तीही साडेसात-आठ वाजता. हे प्रकरण कुठल्या एका शाळेचे नाही. या किनारपट्टीवर पुन्हा पुन्हा दिसणारी परिस्थिती एका शाळेत गोळा करून मांडली आहे. त्यामुळे पट, वेळा आणि हजेरी नमुन्यादाखल समजाव्यात. भरती-ओहोटीचे गणित मात्र जसेच्या तसे वापरता येईल.

शाळेच्या फलकावर मंडळे बरीच होती : वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, स्काऊट-गाईड, २००१-०२ पासून शाळाशाळांत सुरू झालेली राष्ट्रीय हरित सेना. प्रत्यक्षात रोज जमणारा एकच गट होता, कबड्डीचा. विज्ञान शिक्षकांनी हरित सेनेच्या नोंदवहीतच एक निसर्ग मंडळ काढले आणि त्याला एकच काम दिले. शाळेपासून पंधरा मिनिटांवरच्या खडकाळ किनाऱ्यावर काय जगते, कुठल्या पातळीला जगते आणि वर्षभरात त्यात काय बदलते, याची नोंद ठेवायची. काम उत्तम निवडले होते. वृक्षारोपणाचा फोटो काढून संपणाऱ्या उपक्रमांपेक्षा हे कितीतरी मोलाचे होते. दर शनिवारी सव्वाअकरा ते पाऊण अशी वेळ ठरली. जुलैत ४२ नावे आली आणि दिवाळीनंतर प्रत्यक्ष किनाऱ्यावर जायला सुरुवात झाली. जानेवारीअखेर सात मुले उरली आणि मंडळ बंद पडले.

शिक्षकांच्या सहविचार सभेत कारणे निघाली ती नेहमीचीच. मुलांना आवड नाही, मोबाईलने लक्ष उडाले, पालक साथ देत नाहीत. यातले एकही कारण तपासून काढलेले नव्हते. मंडळाची वही उघडली तेव्हा एक गोष्ट लगेच नजरेत भरली. दहा शनिवारांपैकी सहा शनिवारी नोंदीच्या रकान्यात एवढेच लिहिले होते : ‘पाणी जास्त असल्याने काम झाले नाही.’

शनिवार का चालत नाही

किनाऱ्यावरच्या घरांत भरतीची वेळ काढायचा एक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराला ओहोटी, इथल्या बोलीत सुकती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि सव्वापाचच्या आसपास ओहोटी.

आता शनिवारची वेळ या हिशेबावर ठेवून पाहू. पौर्णिमा किंवा अमावास्या शनिवारी आली तर मुले सव्वाअकराला बरोबर भर भरतीत पोचतात. त्यानंतरचा शनिवार येतो सप्तमी-अष्टमीला. त्या दिवशी दुपारी ओहोटी असते खरी, पण तो भांग. सूर्य आणि चंद्र यांची ओढ काटकोनात पडल्यामुळे भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटर असतो (मुंबईला तो चार मीटरच्याही वर जातो). भांगाला तो निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. मुले ओहोटीच्या वेळीच पोचली तरी शेवाळाचा पट्टा आणि त्याखालचे खडक पाण्यातच राहतात. शनिवारी चतुर्थी असली तर ओहोटी नऊलाच होऊन गेलेली असते आणि पाणी चढत असते. त्यातल्या त्यात बरा शनिवार एकादशीचा, कारण ओहोटी सव्वादोनला असते. पण पाणी पुरेसे ओसरेपर्यंत मुलांनी थांबायचे कुठे? ती सकाळी सहा-साडेसहाला घरातून निघालेली असतात आणि डबा केव्हाच संपलेला असतो.

म्हणजे त्या वेळेला महिन्यातला एकही शनिवार धड नव्हता. मुले कंटाळली ती हात बांधून उभी राहिल्यामुळे. गाबीत आणि खारवी या मासेमार समाजांच्या घरांतल्या मुलांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, पण त्यांना कोणी विचारलेच नाही. कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला निघालेली एक बाई वाटेत म्हणालीसुद्धा होती, “आज भांग आसा, पाणी सुकाचा नाय.” ते वाक्य वहीत टिपलेले होते. वेळापत्रक मात्र तसेच राहिले होते.

पाऊणच्या हिशेबाची मर्यादाही समजून घ्यायला हवी, नाहीतर एका चुकीतून निघून दुसरीत शिरायचे. तीस तिथींत भरतीची वेळ चोवीस तासांचा पूर्ण फेरा करते. म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे. हिशेब धरतो ४५. रोजची तीन मिनिटे साठत साठत पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तास होतात. मग प्रतिपदेला हिशेब पुन्हा एकावरून सुरू होतो आणि भरती सव्वाअकरावरून एकदम पाऊणवर उडी मारते. समुद्र अशी उडी मारत नाही. शिवाय दक्षिणेकडच्या बंदरांत भरती मुंबईच्या आधी लागते आणि खाडीत आत जावे तशी ती उशिरा पोचते. क्षय-वृद्धी तिथींचा घोळ वेगळाच. म्हणून कोणता आठवडा धरायचा हे तिथीवरून ठरवावे आणि नेमकी वेळ व उंची भरती-ओहोटीच्या सारणीवरून घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरवार सारण्या छापतो आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या संस्थेचे अंदाज इंटरनेटवर मिळतात. उंची पाहायचीच, कारण एकाच दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या उतरत नाहीत.

वाराऐवजी खिडकी

दुसऱ्या वर्षी वार सोडला. चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या आणि प्रतिपदा, या तीन दिवसांची एक खिडकी धरली. या दिवसांत संध्याकाळची ओहोटी साधारण सव्वाचार ते पावणेसहाच्या दरम्यान येते आणि उधाण जवळ असल्यामुळे पाणी भरपूर उतरते. महिन्यात अशा दोन खिडक्या. तीनपैकी एक दिवस रविवारी गेला, एक सुट्टीत गेला, तरी तिसरा उरतो.

अडचण शाळा सुटण्याच्या वेळेची होती. पाचला सुटून निघाले तर सव्वापाचला किनारा, आणि पाच-चाळीसची एसटी. काम करायचे कधी? वर्गात एसटीची मुले निम्मी असताना त्यांना वगळून चालवलेले मंडळ ‘गावातल्या मुलांचे मंडळ’ होते आणि वर्षभरात शाळेतच दोन तट पडतात. मुख्याध्यापकांनी यावर जो तोडगा काढला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय होता. आठवी आणि नववीच्या कला व शारीरिक शिक्षण आणि नववीच्या जलसुरक्षा या विषयांच्या तासिकांतून दोन तासिका खिडकीच्या दिवशी शेवटच्या म्हणून घेतल्या आणि त्या दिवसाच्या गणित-इंग्रजीच्या तासिका पुढेमागे हलवल्या. पंधरवड्यातल्या एकूण तासिका तेवढ्याच राहिल्या, म्हणून कोणत्याही विषयाच्या शिक्षकांची तक्रार आली नाही. मंडळात नसलेली मुले त्या वेळात क्रीडा शिक्षकांकडे मैदानावर राहिली.

दिवस असा बसला. तीन-पन्नासला वर्गातून निघणे, चार-पाचला किनारा, चार-दहा ते पाच-पाच काम, मग हजेरी, पाच-वीसला शाळेत परत, पायावर पाणी, पाच-चाळीसची गाडी. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे याहून उशिराचा विचारच नको. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो आणि मुलांकडे सवलतीचा मासिक पास, म्हणून प्रवासखर्चाचा प्रश्न आला नाही. प्रश्न होता तो गाडी वेळेवर गाठण्याचा. गाडी सुटायच्या वीस मिनिटे आधी सगळे शाळेच्या आवारात असलेच पाहिजेत, हा नियम एकदाही सैल केला नाही. पालकांचा विश्वास याच एका नियमावर उभा राहिला.

खिडक्यांच्या तारखा जूनमध्येच एका कागदावर काढून त्याच्या तीन प्रती केल्या. एक शिक्षक कक्षात, एक मंडळाच्या फलकावर आणि एक क्रीडा शिक्षकांकडे. तिसरी प्रत विशेष महत्त्वाची. आदल्या वर्षी कबड्डीतली चार चांगली मुले दोन्हीकडे ओढली जात होती आणि दोन्हीकडे गैरहजर राहत होती. खिडकीच्या दिवशी संघाचा सराव त्या मुलांशिवाय होईल आणि बाकी सगळे दिवस मंडळ त्यांना हात लावणार नाही, असे ठरल्यावर तो तंटा मिटला.

घरून परवानगी

इथल्या कितीतरी मुलांचे आई-वडील मुंबईत आणि मूल आजी-आजोबांकडे, असे चित्र आहे. परवानगीचा कागद घरी जातो, आजी अंगठा उठवते किंवा सही करते, पण निर्णय तिला स्वतःचा वाटत नाही. पोराला काही झाले तर मुंबईच्या मुलाला काय सांगायचे, ही तिची खरी चिंता असते. म्हणून कागदावर दोन जागा ठेवल्या : घरच्या पालकाची सही, आणि चाकरमानी आई किंवा वडिलांशी वर्गशिक्षक फोनवर कधी बोलले ती तारीख. फोनवर सांगायच्या गोष्टी ठरलेल्या होत्या. कुठे जाणार, पाण्यात किती खोल (गुडघ्याच्या वर कधीही नाही), सोबत कोण, परत किती वाजता. गणपतीला चाकरमानी गावी येतात, त्या आठवड्यात शाळेत पालकांची बैठक घेतली तर निम्मे फोन वाचतात.

चोवीस मुलांमागे तीन मोठी माणसे ठेवली. दोन शिक्षक, त्यातल्या एक शिक्षिका असल्याच पाहिजेत, आणि तिसरी किनाऱ्यावर रोज वावरणारी गावातली व्यक्ती. या शाळेत ती कालवे काढणारी एक महिला होती. तिला प्रत्येक खेपेचे मानधन दिले. हे टाळू नये. सुकतीचे दोन तास हीच तिच्या कमाईची वेळ असते आणि मंडळासाठी ती तेवढी कमाई सोडत असते. मंडळाचा मार्गही तिनेच आखला. लोक जिथून कालवे आणि मुळे (वाळूतले शिंपले) काढतात तो भाग वगळून. मुलांच्या पायाखाली कुणाचे पोट तुडवले जाऊ नये, ही अट तिची आणि रास्त होती.

पायात काय, हे ठरवायला पहिली खेप जावी लागली. चप्पल शेवाळावरून सटकते, आणि अनवाणी पायाला कालवांच्या धारेने चिरा पडतात. ही चीर दिसायला बारीक असली तरी आत चिखल आणि शिंपल्याचा चुरा राहतो व दोन दिवसांत पिकते. जुने, नाडीचे कॅनव्हासचे बूट सर्वांत चांगले. चीर पडलीच तर पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवायची, कपची दिसली तर काढायची, मग पोव्हिडोन आयोडीन लावायचे. समुद्राच्या पाण्याने धुऊन भागवायचे नाही. वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नये, घासत न्यावा, म्हणजे वाळूत बसलेले पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच दूर होते. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जिवंत शंख कितीही सुंदर दिसला तरी हातात घ्यायचा नाही. त्यातल्या काही जाती विषारी दंश करतात.

किनाऱ्यावर राहायचे किती, याला बाराव्या हिश्शाचा नियम उपयोगी पडतो. ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा पाणी चढते, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन. दोन मीटरच्या फरकाला हे झाले साधारण १७, ३३ आणि ५० सेंटीमीटर. पहिला तास निवांत वाटतो आणि तिसऱ्यात पाणी अंगावर येते. खडकाळ किनाऱ्यावर धोका समोरून येत नाही. खडक आणि वाळू यांच्या मधली घळ आधी भरते आणि परतीची वाट बंद होते. म्हणून त्या घळीच्या काठावर एका मोठ्या माणसाने उभे राहायचे आणि घळीत पाणी वाहू लागले की शिटी द्यायची. नोंद अर्धी राहिली तरी निघायचे.

साहित्य

दोन हजार रुपयांच्या आत सगळे होते आणि बहुतेक मुलांनीच बनवायचे असते. मुख्य वस्तू म्हणजे मोजणीची चौकट. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो (काटकोनी जोड). दहा फुटी एका नळीत एक चौकट होते आणि मीटरभर तुकडा उरतो, तो पाण्याची खोली पाहायच्या काठीला कामी येतो. चौकटीचे आतले माप ५० सेंटीमीटर बाय ५० सेंटीमीटर यायला हवे. मुले तुकडे पन्नासचे कापतात आणि एल्बोमुळे आतले माप वाढते. आधी एक कोपरा जोडून एल्बो किती जागा खातो ते मोजावे आणि मग कापावे. नळीला जागोजागी भोके पाडायची, नाहीतर डबक्यात चौकट तरंगते. मग दहा-दहा सेंटीमीटरवर आडव्या चार आणि उभ्या चार नायलॉनच्या दोऱ्या ओवल्या की पंचवीस घरे होतात. एक घर म्हणजे चार टक्के.

दोर ३० मीटर, नायलॉनचा, मीटरमीटरवर रंगीत चिकटपट्टी. काथ्याचा किंवा सुती दोर भिजला की लांबी बदलते. शिवाय जाड पुठ्ठ्याची पाटी, त्यावर प्लॅस्टिकखाली तक्ता आणि दोरीने बांधलेली शिसपेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर उठत नाही आणि शाईपेनाचे लिहिलेले शाळेत पोचेपर्यंत ओघळून जाते. फोटोसाठी शिक्षकांचा एकच फोन, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

मोजणी, आणि ती कुठे फसते

दोर वरच्या टोकाला बांधून पाण्याच्या दिशेने सरळ सोडायचा आणि ठरलेल्या अंतरावर चौकट ठेवायची. पहिल्या खेपेला दर तीन मीटरवर ठेवली. अकरा चौकटी झाल्या, वेळ पुरला नाही आणि सगळ्यात खालच्या चौकटी राहून गेल्या. नेमका तोच पट्टा महिन्यातून दोनदाच उघडा पडतो. अंतर पाच मीटर केले, चौकटी सात झाल्या आणि प्रत्येकीला सहा मिनिटे मिळाली. हे बसते.

क्रम तिथीप्रमाणे बदलावा लागतो. पौर्णिमेला मुले पोचतात तेव्हा पाणी अजून उतरत असते, म्हणून वरून सुरुवात करून पाण्यामागोमाग खाली जायचे. चतुर्दशीला ओहोटी सव्वाचारलाच होते, म्हणून पोचल्या पोचल्या सर्वांत खालची चौकट आधी आणि मग वर. हे न कळल्यामुळे चतुर्दशीच्या एका खेपेत सातवी चौकट गुडघाभर पाण्यात मोजायची वेळ आली. ती नोंद रद्दच करावी लागली.

एक चौकट जवळून पाहा. मधल्या पट्ट्यातला काळा, खडबडीत खडक. पंचवीस घरांपैकी अकरा घरे हिरव्या शेवाळाने निम्म्याहून अधिक भरलेली, म्हणजे ४४ टक्के. सहा घरांत कालवे, त्यातली निम्मी रिकामी, नुसती खालची शिंप खडकाला चिकटून राहिलेली. मोजायची ती फक्त जिवंत. कोपऱ्यातल्या फटीत बारीक काळ्या गोगलगायी एकमेकींना खेटून बसलेल्या. वरून पाच दिसतात, पाटीवर गाल टेकवून आडवे पाहिले तर सतरा. चौकटीच्या मधोमध वाटीएवढ्या डबक्यात मिटलेले समुद्रफूल, लालसर गोळा. त्यावर सावली धरून अर्धा मिनिट थांबले की पाकळ्यांसारखे हात उघडतात.

यातच सगळ्या चुका दडलेल्या आहेत. एक मूल ‘शेवाळ आहे’ म्हणून घर धरते, दुसरे निम्म्याहून जास्त असेल तरच धरते, आणि एकाच खडकाचे २४ टक्के आणि ६८ टक्के असे दोन आकडे येतात. चिकटून वाढणाऱ्या गोष्टी घरांवर मोजायच्या, निम्म्याहून अधिक भरलेले घर म्हणजे एक. हालचाल करणारे प्राणी मात्र एकेक मोजायचे. हा नियम पाटीवरच लिहिलेला हवा. त्याशिवाय प्रत्येक खेपेची पहिली चौकट दोन जोड्यांनी एकमेकींना न सांगता मोजायची आणि आकडे जुळवायचे. आकडे फार लांबचे आले तर पुढे जायचे नाही, तिथेच उभे राहून का वेगळे आले ते पाहायचे. हा पाच मिनिटांचा वाद शास्त्रीय पद्धतीचा सर्वांत चांगला पाठ आहे. शिक्षकांनी तो घाईने मिटवू नये.

नोंदीत प्राण्याचे नाव गावात म्हणतात ते. शास्त्रीय नाव नंतर, शाळेत, फोटो आणि पुस्तक समोर ठेवून. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आणि मत्स्य महाविद्यालय आहे. न जुळलेल्या जातींचे फोटो वर्षातून एकदा एकत्र करून अशा ठिकाणच्या जाणकारांना दाखवले की वही खात्रीची होते. किनाऱ्यावरून काहीही उचलून आणायचे नाही. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि रिकामा शंखसुद्धा शंखात राहणाऱ्या खेकड्याचे उद्याचे घर असतो. ‘शाळेचे संग्रहालय’ करण्याचा मोह वरिष्ठांकडूनच येतो. तो मुख्याध्यापकांनी थोपवावा.

जागा पुन्हा तीच सापडणे ही वेगळीच अडचण. खडकावर ऑइलपेंटची खूण केली, पावसाळ्यानंतर ती दिसली नाही. मग होडीवाले समुद्रात जाळ्याची जागा धरतात ती रीत वापरली. जेटीचा शेवटचा खांब आणि मागच्या देवळाचा कळस एका रेषेत, दुसऱ्या बाजूने दोन ठरलेली माडाची झाडे एका रेषेत. दोन रेषा जिथे छेदतात तिथे दोराचे टोक. शिक्षकांना ही जागा शोधायला पहिल्यांदा बराच वेळ लागला. रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जाणाऱ्या घरातल्या मुलीने ती सहज दाखवली आणि तेव्हापासून दोर लावायचे काम तिच्या गटाकडे गेले.

पावसाळा आणि सडा

जून ते सप्टेंबर किनारा बंद. पावसाळ्याच्या सुरुवातीला यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाच बंदी असते, तिथे मुलांना खडकावर नेण्याचा प्रश्नच नाही. लाटांबरोबर वाळूवर निळे, फुग्यासारखे, लांब दोऱ्यांचे जीवही येऊन पडतात आणि त्यांचा दंश सुकल्यावरही होतो. पण चार महिने मंडळ थांबले तर ऑक्टोबरात पुन्हा पहिल्यापासून मुले जमवावी लागतात.

या चार महिन्यांत शनिवार कामी आला. ऑगस्ट-सप्टेंबरात जांभ्याचा सडा फुललेला असतो आणि तिथे ओहोटीची वाट पाहायची नसते. सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती, कातळावरची पावसाळी डबकी, त्यातले बेडूक. चौकट तीच, तक्ता तोच. सड्यावरच्या गावांची मुले, जी किनाऱ्यावर बिचकत होती आणि ज्यांना पोहता येत नव्हते, ती इथे वाट दाखवणारी झाली. मंडळ दोन्हीकडच्या मुलांचे झाले ते इथे. मुसळधार शनिवारी वर्गात चौकटी बनवणे, दोराच्या खुणा नव्या करणे आणि गेल्या वर्षीचे आकडे आलेखावर मांडणे. पाऊणच्या हिशेबातला तीन मिनिटांचा फरक नववीच्या मुलांना अशाच एका शनिवारी सापडला. जेटीच्या खांबावर दहा-दहा सेंटीमीटरच्या खुणा करून दर पंधरा मिनिटांनी घेतलेली पाण्याची पातळी त्यांनी आलेखावर चढवली आणि हिशेबाची रेघ शेजारी काढली, तेव्हा दोन रेघा हळूहळू दूर सरकताना दिसल्या.

नोंद तुटू न देणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत खिडक्या आठ आल्या आणि सहा साधल्या. एक स्नेहसंमेलनाच्या तयारीत गेली. दुसरी गेली ती विज्ञान प्रदर्शनाच्या प्रतिकृतीसाठी. मंडळातली सहा हुशार मुले काढून घेतल्यामुळे उरलेल्यांना कोणी नेले नाही. ही दुसरी गळती अधिक घातक आहे. इन्स्पायर-मानक या विद्यार्थ्यांच्या कल्पनांसाठीच्या केंद्रीय योजनेत निवड झाली तर कल्पनेला दहा हजार रुपये मिळतात, प्रदर्शनात बक्षीस मिळते, वर्तमानपत्रात फोटो येतो. या गोष्टी मुलांना मिळाव्यातच. पण त्यांची तयारी खिडकीचे दिवस सोडून करावी. बक्षीस एका वर्षाचे असते, आणि एकाच खडकाच्या पाच वर्षांच्या नोंदी इथल्या कितीतरी किनाऱ्यांवर कोणाकडेच नसतात.

दहावीची मुले दिवाळीनंतर येत नाहीत, येऊही नयेत. म्हणून नववीच्या प्रत्येक मुलासोबत आठवीचे एक मूल बांधून दिले. चौकट नववीचे धरते आणि तक्ता आठवीचे लिहिते, जानेवारीपासून उलट. शिक्षकांच्या बाबतीत अशी जोडी आपोआप होत नाही. कोकणात पट घटतो आहे. तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतात, दुसऱ्या शाळेत समायोजन होते आणि मंडळ त्यांच्याबरोबर जाते. त्यासाठी एक जाड फाइल मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली. तीत दोन रेषांचा नकाशा, मोजणीचे नियम, परवानगीच्या कागदाचा नमुना, मार्ग दाखवणाऱ्या महिलेचे मानधन कोणत्या खात्यातून द्यायचे ती टीप, आणि दरवर्षीचे तक्ते मूळ शिसपेन्सिलीतलेच. संगणकावर चढवलेले आकडे सोयीचे असतात, पण शंका आली की मूळ कागदच लागतो.

एक गोष्ट अजून बसलेली नाही. प्रतिपदेनंतरच्या दोन-तीन दिवसांत सकाळी सात ते साडेआठच्या सुमारासही चांगली सुकती असते, उजेड भरपूर असतो आणि शाळा साडेदहाला भरते. पण शनिवार सोडला तर त्या वेळेला सड्यावरून एसटी नाही. सकाळची फेरी फक्त गावातल्या मुलांची होईल म्हणून ती नियमित केलेली नाही. संध्याकाळच्या दोन्ही खिडक्या हुकल्या त्या महिन्यातच ती घेतात.

तारखांचा कागद वर्षातून दोनदा करावा लागतो, हे नव्याने सुरू करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. जूनमध्ये हातात असलेली दिनदर्शिका आणि सारणी डिसेंबरपर्यंतचीच असते. जानेवारी-फेब्रुवारीच्या खिडक्या दिवाळीच्या सुमारास नवी दिनदर्शिका आली की काढायच्या, आणि त्या चाचणी परीक्षेच्या तारखा ठरण्याआधी शिक्षक कक्षात लावायच्या.